जुना ड्राय रॉक पुन्हा वापरला की शेवाळ परत परत का येतं?

समुद्री माशांची टाकी रिकामी केली, तिच्यातले ड्राय रॉक, म्हणजे बिळाबिळांचे कोरडे दगड, घासले, धुतले, उन्हात वाळवले. नवं मीठ, नवं पाणी. महिना-दीड महिना सगळं छान चालतं. मग एके दिवशी दगडाच्या कडेला हिरवी लव दिसते आणि आठ दिवसांत तिचे बोटभर केस होतात. पाणी बदला, उपटून काढा, दिवे कमी वेळ लावा, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. माझ्याकडे हे दोनदा झालं. तिसऱ्यांदा झालं नाही. ते का झालं नाही हे सविस्तर लिहितोय, कारण सोलापुरात खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारे आपण मोजकेच आहोत आणि हाच प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं.

आधी उत्तर सांगतो. दोष पाण्यात नाही, दिव्यातही नाही. तो दगडाच्या पोटात आहे. दगड पांढरा दिसला म्हणजे स्वच्छ झाला असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. दगड स्वच्छ आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. त्याला आठवडाभर बादलीतल्या खाऱ्या पाण्यात, अंधारात ठेवून पाण्यातलं फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, मोजलं, तरच कळतं. ही बादलीची परीक्षा घेतल्याशिवाय एकही जुना दगड टाकीत टाकू नका.

माझी टाकी २०० लिटरची, घर जुळे सोलापुरात. टाकी बंद केली तेव्हा २२ किलो दगड पोत्यात भरून माळ्यावर टाकले होते, तीन वर्षं तिथेच होते. पहिल्या वेळी ब्रशने घासून, पाइपच्या धारेखाली धुऊन मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर पसरले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, त्या उन्हात काय जिवंत राहणार, असं वाटलं. जिवंत काही राहिलं नाहीच. पण शेवाळ आलं. दुसऱ्या वेळी ब्लीचमध्ये आठवडाभर बुडवले. दगड खडूसारखे पांढरेशुभ्र निघाले. सात आठवड्यांनी शेवाळ परत हजर.

तेव्हा मी एक मुठीएवढा दगड हातोडीने फोडला. बाहेरून अर्धा सेंटिमीटर अगदी पांढरा. त्याच्या आत पिवळट थर, आणि मधल्या पोकळीत चामड्यासारखा चिवट तपकिरी पापुद्रा, कधीकाळी तिथे वाढलेल्या स्पंजचा. शेजारच्या बारीक बिळांत किड्यांच्या पोकळ नळ्या. त्या पापुद्र्यावर चार थेंब पाणी टाकलं आणि पाच मिनिटांनी नाकाशी धरलं, तर सुक्या बोंबलाच्या पोत्याचा वास. ब्लीच तिथवर पोचलंच नव्हतं.

पण हा अर्धाच भाग झाला. दगडात फॉस्फेट दोन ठिकाणी असतं. एक, त्या मेलेल्या जिवांच्या मांसात. ते ब्लीच जाळू शकतं, पोचलं तर. दुसरं, दगडाच्या अंगावरच. हा दगड कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि कॅल्शियम कार्बोनेटला फॉस्फेट चिकटून बसतं. वर्षानुवर्षं आपण माशांना खाणं घातलं, त्यातलं फॉस्फेट थोडं थोडं करत दगडाने धरून ठेवलेलं असतं. त्याला ब्लीच हातही लावत नाही. उलट, ब्लीचने मांस जाळल्यावर त्यातलं जे फॉस्फेट सुटतं, त्यातलं काही पुन्हा त्याच दगडाला चिकटतं. आपल्या गावाला हे समजायला अवघड नाही. चादर ब्लीच केली की रंग उडतो, पण जड पाण्याच्या क्षारांनी आलेला कडकपणा ब्लीचने जात नाही. त्याला वेगळा उपाय लागतो.

आणि फॉस्फेटने पाण्याचं काय होतं हे आपण उजनीत बघतोच. पुण्याकडून भीमेत सांडपाणी येतं, धरणात साठतं आणि पाणी हिरवं पडतं. टाकीत तेच घडतं, फक्त सांडपाणी दगडातून येतं.

आता टेस्ट किटबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दुसऱ्या वेळी शेवाळ जोरात होतं तेव्हा माझं रीडिंग ०.०२ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) येत होतं. मला वाटलं, फॉस्फेट नाहीच, मग दुसरंच काही असणार. महिना दिवे आणि स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) यांच्या मागे घालवला. खरी गोष्ट अशी की शेवाळ दगडावरच बसलेलं असतं. दगडातून निघालेलं फॉस्फेट पाण्यात मिसळायच्या आधीच ते खाऊन टाकतं. पाण्यात उरतच नाही तर किटला दिसणार कुठून? म्हणून शेवाळ असलेल्या टाकीतल्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका. परीक्षा अंधारात घ्यायची ती याचसाठी. अंधारात खाणारं कोणी नसतं, जे सुटतं ते पाण्यात जमा होतं.

बादलीची परीक्षा

झाकण असलेली २० लिटरची स्वच्छ बादली. १५ लिटर आरओचं पाणी, लिटरला ३५-३६ ग्रॅम या हिशोबाने सव्वापाचशे ते साडेपाचशे ग्रॅम टाकीसाठीचं समुद्री मीठ, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (साध्या पाण्याच्या तुलनेत जडपणा) १.०२५. आधी हे नुसतं पाणी मोजून घ्या, फॉस्फेट शून्याच्या जवळ हवं. मग तीन-चार किलो दगड, पाणी हलतं ठेवायला एक लहान पंप आणि झाकण. सात दिवसांनी मोजा.

पाणी खारंच हवं. मी मीठ वाचवायला एकदा हीच परीक्षा साध्या आरओच्या पाण्यात घेतली. ब्लीच करून धुतलेल्या दगडांचं रीडिंग आठवड्याने ०.०६ आलं, म्हटलं झालं काम. तेच दगड खाऱ्या पाण्यात ठेवले, आठवड्याने ०.७४! गोड्या पाण्यात दगड फॉस्फेट घट्ट धरून बसतो. खाऱ्या पाण्यात बायकार्बोनेट हा विरघळलेला क्षार त्याच जागेसाठी फॉस्फेटशी झगडतो आणि दगडाची पकड सैल पडते. आरओच्या पाण्यात पंधरा दिवस भिजवून दगड स्वच्छ झाल्याचं कुणी सांगितलं, तर त्याला हे नक्की सांगा.

मोजायला रंग जुळवायच्या किटपेक्षा छोटा फोटोमीटर, म्हणजे रंग स्वतः मोजून आकडा दाखवणारं यंत्र, बरा. काही मीटर फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग) दाखवतात. तो आकडा ३.०६६ ने गुणून १००० ने भागायचा. मीटरवर १०० दिसलं म्हणजे फॉस्फेट ०.३ पीपीएम, ०.१ नव्हे. ही चूक फार जण करतात.

माझा हिशोब असा: सात दिवसांनी ०.०५ च्या खाली असेल तर दगड टाकीत जाऊ शकतो. ०.०५ ते ०.३ मध्ये असेल तर लँथेनमचा, म्हणजे फॉस्फेट धरणाऱ्या औषधाचा, फेरा. त्याच्या वर गेलं तर ॲसिड. हे आकडे माझ्या अनुभवाचे आहेत. टाकीत कोरल (जिवंत प्रवाळ) ठेवणार नसाल, नुसते मासेच असतील, तर थोडं सैल चालेल.

हात घालण्याआधी दगड कोणता ते बघा

सिमेंटमध्ये शिंपला-वाळू घालून घरी ओतलेला दगड असेल तर ॲसिड नको, ते सिमेंट खातं आणि दगड भुसभुशीत होतो. सिरॅमिकचा असेल तर ॲसिडची गरजच नाही. समुद्रकिनाऱ्यावरून कुणी आणून दिलेला प्रवाळाचा तुकडा असेल तर तो घेऊच नका: दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. आणि आपल्या भोवतालचा काळा दगड चालेल का असं विचारणाऱ्यांना: बेसाल्टला फॉस्फेटची ही भानगड नसते, पण तो ठोस असतो, बॅक्टेरियाला राहायला आत बिळं नसतात. शंका असेल तर दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, फसफसला तर कार्बोनेटचा.

जुन्या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं होतं का, हेही आठवून बघा. दगड विकत घेत असाल तर विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. तांबं दगडात मुरतं, हळूहळू सुटत राहतं आणि कोळंबी, गोगलगायी, कोरल यांना मारतं. तसा दगड मी माशांच्या टाकीपुरताच ठेवीन.

आणखी एक, जिवाशी गाठ आहे म्हणून थांबून वाचा. दगड उकळू नका. उकळतं पाणीही ओतू नका. दगडावर कधी झोअँथिड किंवा पॅलिथोआ (बटणांसारखे मऊ कोरल) वाढलेले असतील तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. उष्णतेने ते नष्ट होईल यावर विसंबता येत नाही, वाफेबरोबर ते हवेत जातं आणि घरातली माणसं दवाखान्यात पोचतात. घरी दगड उकळून असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय मासिकांत आहेत. वाळलेला दगड घासतानाही आधी ओला करा, म्हणजे धूळ उडणार नाही. हातमोजे, चष्मा, मास्क लावा.

घासणं आणि ब्लीच

घासायला नायलॉनचा कडक ब्रश, आणि बिळांसाठी पोती शिवायचं दाभण. दाभणाने एकेक बीळ कोरून काढायला मला दोन रविवार लागले, आणि त्या कोरण्यातून निघालेली तपकिरी भुकटी वाटीभर भरली. ती वाटीभर भुकटी म्हणजे पुढचं सहा महिन्यांचं शेवाळ होतं. फार मोठे दगड फोडून दोन करा, ब्लीच आत पोचतं.

ब्लीच द्रवरूप घ्या. पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते, पण तिचा चुना बिळांत बसतो. घरगुती चार-पाच टक्क्यांचं असेल तर एका भागाला दहा भाग पाणी. कारखान्यांना मिळणारं दहा-बारा टक्क्यांचं असेल तर एकाला वीस-पंचवीस.

इथे आपल्या गावातला एक खास घोळ सांगतो. टॉवेल-चादरींच्या प्रोसेसिंगमध्ये ‘हायपो’ म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच. माशांच्या दुकानात ‘हायपो’ म्हणजे सोडियम थायोसल्फेट, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध. दोन्ही एकमेकांच्या बरोबर उलट! माझा मावसभाऊ डाइंगमध्ये कामाला आहे. मी त्याला फोनवर ‘क्लोरीन काढायचंय, थोडा हायपो आण’ म्हटलं आणि तो पाच लिटरचा कॅन घेऊन आला. झाकण उघडल्यावर वासाने कळलं म्हणून बरं. तुम्ही पूर्ण नाव सांगा, आणि लक्षात ठेवा: थायोसल्फेट साखरेसारख्या खड्यांत मिळतं, त्याला वास नसतो.

ब्लीच उन्हात आणि उष्णतेत लवकर मरतं. आपल्या उन्हाळ्यात तीन दिवसांत वास गेला तर दगड स्वच्छ झाला असं नाही, ब्लीच संपलं असं. बदलून पुन्हा भरा. मी पिंप जिन्याखाली ठेवलं आणि आठ दिवसांत दोनदा बदललं. एक जुना पंप आत फिरत ठेवला, तो नंतर कुठे वापरायचा नाही.

मग दोनदा साध्या पाण्याने धुवा. नळाला पाणी येईल त्या दिवसाचा बेत आखून ठेवा, काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यात हे काम मधेच अडकतं. त्यानंतर थायोसल्फेटच्या पाण्यात रात्रभर. क्लोरीन गेलं का हे ओटीओच्या थेंबांनी बघा, नळाच्या पाण्यात दोन थेंब टाकून पिवळा रंग बघतात तेच औषध. पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. शेवटी पुन्हा खळखळून धुवा आणि चार दिवस कडक उन्हात ठेवा. इथे सोलापूरचं ऊन खरंच उपयोगाला येतं.

ॲसिड

प्रत्येकाने हे करावं असं मी म्हणत नाही. बादलीचं रीडिंग ०.३ च्या खाली असेल तर करू नका. माझं ०.७४ होतं म्हणून केलं.

ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू होतो. तो माणसाला मारू शकतो. म्हणून वर ओटीओ आणि ऊन यांवर एवढं लिहिलं. थायोसल्फेटही दगडात उरलेलं नको, त्यात ॲसिड पडलं की पाणी दुधाळ होतं, गंधक बाहेर पडतं आणि नाक झोंबणारा सल्फर डायऑक्साइड निघतो. दगड कोरडा, बिनवासाचा असेल तरच पुढे.

हायड्रोक्लोरिक ॲसिड विकत घेताना ओळखपत्र दाखवावं लागेल, २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं आहेत. काम उघड्या गच्चीवर, पोरं आणि मांजर खाली. प्लॅस्टिकचा टब, लोखंडी घमेलं चालणार नाही. डोळ्यांना बंद चष्मा, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, हाताशी खायच्या सोड्याचं अर्धा किलोचं पाकीट. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, कधीच उलट नाही.

मी तीन खेपा केल्या. प्रत्येक खेपेला १० लिटर पाणी, त्यात तीस टक्क्यांच्या वरचं १ लिटर ॲसिड, मग प्लॅस्टिकच्या जाळीच्या टोपलीतून सात किलो दगड हळूहळू खाली सोडले. गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज आला आणि पांढरा फेस वर चढला. टोपली एकदम सोडली असती तर फेस टबाबाहेर गेला असता. दहा मिनिटांनी आवाज बसला, पंधरा मिनिटांनी दगड काढले. हाताला पृष्ठभाग खरखरीत लागत होता, जुनी चकाकी गेली होती, बिळांची तोंडं मोठी झाली होती. तिन्ही खेपा मिळून दगडांचं वजन दीड किलोने घटलं. तेवढा वरचा थर, त्याला चिकटलेल्या फॉस्फेटसकट, पाण्यात गेला.

उरलेल्या पाण्यात फेस येणं थांबेपर्यंत सोडा घातला आणि मग भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडलं. दगड सोड्याच्या पाण्यात बुडवून, धुऊन, एक रात्र आरओच्या पाण्यात ठेवले. घरचा पिण्याचा आरओ वापरत असाल तर त्यातला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर बंद करून घ्या, तो चवीसाठी कच्चं पाणी मिसळतो. माझ्या बोअरचा टीडीएस अकराशेच्या पुढे आहे, त्यातलं थोडं जरी मिसळलं तरी एवढी मेहनत वाया.

पुन्हा बादली. सात दिवसांनी ०.२१.

लँथेनम आणि क्युरिंग

क्युरिंग म्हणजे दगडात उपयोगी बॅक्टेरिया वसवणं. हे दोन्ही मी एकाच ६० लिटरच्या पिंपात, झाकण लावून केलं. लँथेनम क्लोराइड फॉस्फेटला धरतं आणि न विरघळणारी पांढरी भुकटी होते. थेंब थेंब घालायचं, पाणी १० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमधून (गाळायच्या बारीक कापडी पिशवीतून) फिरवायचं, सॉक रोज धुवायचा. एकदम ओतलं तर पाणी दुधासारखं होतं आणि भुकटी दगडावरच बसते. ते कार्बोनेटही धरतं, त्यामुळे केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) उतरतो, तो तपासत राहा. माशांच्या टाकीत हे करायला माझा हात धजत नाही. पिंपात मासे नाहीत, म्हणूनच इथे करायचं.

लँथेनमने पाण्यातलं फॉस्फेट शून्यावर आलं की दगड आणखी सोडतो, दोन-तीन दिवसांत रीडिंग परत चढतं. इथे बरेच जण निराश होऊन दगड फेकून देतात. फेकू नका. रीडिंग चढणं म्हणजे दगड रिकामा होतोय. दर वेळी थोडं कमी चढतं का तेवढं बघा. माझे सव्वा महिन्यात चार फेरे झाले.

फॉस्फेट आटोक्यात आल्यावर बाटलीतले बॅक्टेरिया घातले आणि त्यांना खाणं म्हणून अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर नेला. २४ तासांत अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट, माशांना घातक अशी ही दोन्ही, शून्य होऊ लागली तेव्हा दगड तयार झाला. ब्लीच-ॲसिड केलेला दगड पूर्ण निर्जीव असतो, त्यामुळे चार ते सहा आठवडे धरून चाला.

उन्हाळ्यात हीटरची गरजच नाही, उलट पाणी तापतं. पिंप गच्चीवर ठेवू नका. जिन्याखाली ठेवून झाकण थोडं तिरकं करून त्यावर टेबलफॅन सोडला तर आपल्या कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंश उतरतं. पण मग रोज लिटरभर पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून भर घालताना साधं आरओचं पाणी घाला, खारं नाही. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप लावा. कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. एका दुपारी चार तास वीज नव्हती आणि मी घरी नव्हतो, संध्याकाळी झाकण काढलं तर सडक्या अंड्याचा वास. सगळं पाणी बदलावं लागलं आणि बॅक्टेरियाचं काम दहा दिवस मागे गेलं.

टाकी सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दगडावर आणि वाळूवर तपकिरी पूड दिसेल. ती बोटाने पुसली जाते. ती डायटम या सूक्ष्म शेवाळाची, नव्या टाकीत येते आणि आपोआप ओसरते. तिला घाबरून दगड पुन्हा ब्लीचमध्ये घालू नका. हिरव्या, उपटावं लागणाऱ्या केसांची गोष्ट वेगळी.

टाकीला आता अकरा महिने झाले. फॉस्फेट ०.०४ ते ०.०७ मध्ये राहतं, दगडांवर कोरलाइनचे, म्हणजे कडक, निरुपद्रवी शेवाळाचे, जांभळट ठिपके धरलेत, केस आलेले नाहीत. दोन मोठे दगड मात्र परीक्षेत पास झालेच नाहीत. ते फोडायला मन झालं नव्हतं, दाभण त्यांच्या मध्यापर्यंत पोचत नाही. ते अजून जिन्याखालच्या पिंपातच आहेत. परवाचं रीडिंग ०.१२. या रविवारी ते फोडणार आहे.